दोन निळे कोट

हॅडली ग्रोव्हमध्ये लवॉन केटलरचा आवाज नुसता ऐकून ओळखतील अशी माणसं थोडीच होती. गावाच्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं सगळी उमर काढली, पोरांच्या ताटात बटाट्याचा लगदा वाढला, मक्याचे दाणे वाढले, आणि प्रत्येकाला एकच शब्द विचारला, "आणखी?" पोरं मोठी झाली, त्यांची पोरं त्याच रांगेत उभी राहिली, तरी लवॉनचा शब्द तोच. तिला बोलायची गरजच पडली नाही. दोघांच्या वाटचं बोलायला नवरा होता.

ड्वेन केटलर लिलाव पुकारायचा. आयोवाच्या त्या भागात कुणाची शेती मोडली, कुणी म्हातारा वारला, कुणी गुरं विकायला काढली, की ड्वेन ट्रॉलीवर चढायचा, हिरवी टोपी मागे सारायचा आणि त्याची जीभ अशी सुटायची की ऐकणाऱ्याला दम लागावा. कढईत लाह्या फुटाव्यात तसे आकडे फुटायचे. लोक वस्तू घ्यायला नाही, नुसतं त्याला ऐकायला यायचे. पण लिलाववाल्याचं खरं भांडवल जीभ नसते, डोळा असतो. कोण भुवई उचलतो, कोण टोपीला बोट लावतो, कोण बायकोच्या कोपरखळीनं गप्प बसतो, ते त्याला कोठाराच्या पार मागच्या दारापर्यंत दिसायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या वसंतात एका ट्रॅक्टरच्या लिलावात अगदी पहिल्या रांगेतल्या माणसानं हात वर केला. ड्वेन त्याच्याकडे तोंड करून उभा होता. त्याला तो हात दिसला नाही. ट्रॅक्टर दुसऱ्याच्या नावावर गेला. लोक आधी हसले, ड्वेन थट्टा करतोय असं त्यांना वाटलं. मग हसायचे थांबले. ते थांबणं त्याच्या जिव्हारी लागलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही पडदे मधोमध झिजतायत. कडेकडेचं दिसत राहील, मधलं जाईल. किती दिवसांत, ते सांगता येत नाही. त्याच शरदात गाडी चालवायचा परवाना गेला. ड्वेन घरी येऊन म्हणाला, "थोडं धूसर दिसतं म्हणून माणसाचे पाय तोडतात." त्यानंतर त्यानं डोळ्यांचा विषय काढला नाही आणि लवॉननंही काढला नाही. ती फक्त त्याचा कॉफीचा पेला रोज टेबलावर एकाच जागी ठेवायला लागली.

मग एके दिवशी तिनं आपणहून सांगितलं, "आपण शिकागोला जाऊ."

ड्वेन चाळीस वर्षं ते शहर बघायचं म्हणत होता. लहानपणी बापाबरोबर गुरांच्या ट्रकमधून तो तिथे गेला होता, पण गुरांच्या बाजारापलीकडे त्यानं काही पाहिलं नव्हतं. दुरून उंच इमारतींची टोकं तेवढी दिसली होती. दर हिवाळ्यात तो म्हणायचा, यंदा जाऊ, आणि दर उन्हाळ्यात कुणाचं तरी शेत विकायला निघायचं. लवॉनला त्या शहराचं काडीचं आकर्षण नव्हतं. तिला गर्दीची धास्ती होती. पण तिच्या मनानं घेतलं, डोळे आहेत तोवर त्याला दाखवायचं.

"गाडी कोण चालवणार?" ड्वेननं विचारलं.

"मी."

"तू? किराणा दुकान आणि चर्च याच्यापलीकडे गेलीयेस कधी?"

"मग आता जाईन."

विमानात तो बसणार नव्हता, त्याला ते शवपेटीसारखं वाटायचं. त्यामुळे ऑक्टोबरातल्या एका सकाळी लवॉन स्टिअरिंगला दोन्ही हातांनी लटकल्यासारखं धरून निघाली. शहर जवळ आलं तसे रस्त्याचे पट्टे वाढत गेले आणि दोन्ही बाजूंनी ट्रक भिंतीसारखे धावायला लागले. ड्वेन शेजारी बसून पायानं नसलेला ब्रेक दाबत होता.

"डावीकडे जा! अगं, डावीकडे!"

"डावीकडे ट्रक आहे, ड्वेन."

"कुठाय?"

ट्रक त्याच्या नाकासमोर होता. लवॉननं वेग कमी केला. तिच्या मानेवरून घाम ओघळत होता, आणि तो ट्रकमुळे नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मिशिगन रस्त्यावर फेरफटका मारला. शहराला लागून असलेल्या समुद्राएवढ्या तळ्याकाठी गेले. ड्वेन सगळीकडे मान हलवून "वा! काय काम केलंय!" म्हणत होता. पण लवॉनला त्याच्या वाहवेत काहीतरी खोट वाटत होती. तो वाहवा जरा उशिरा करायचा, शेजारचे लोक "अहाहा" म्हणाले की मग. दुपारी हॉटेलातल्या पोरीनं सुचवलं, चालून पाय दुखले असतील तर रस्त्यांवरच्या उंच पुलावरून धावणाऱ्या रेल्वेगाडीत बसा, तिची ब्राऊन लाईन इमारतींच्या मधून वळसा घालते, बसल्या जागी शहर बघून होतं. ते क्विन्सी स्टेशनावर जिना चढले आणि गाडीत बसले. ड्वेन खिडकीपाशी, लवॉन त्याच्या शेजारी. तिनं प्रवासासाठी म्हणून घेतलेला निळा कोट घातला होता. गाडी कचेऱ्यांच्या खिडक्यांना खेटून करकरत वळायची, आतली माणसं आपापल्या टेबलाशी बसलेली दिसायची, कुणी डबा खात होतं, कुणी जांभई देत होतं.

"बघ, त्यांना आपली पर्वाही नाही," लवॉन म्हणाली.

"कुणाला?" ड्वेननं विचारलं.

क्लार्क अँड लेक स्टेशनावर गर्दी झाली. माणसं उतरली त्याहून जास्त चढली. उतरताना एक तरुण बाई दारापाशी बाबागाडी घेऊन अडकली होती. पुढचं चाक फटीत रुतलेलं, मागून लोक रेटतायत, तान्हं रडतंय. लवॉन कधी कुणाच्या मदतीला धावताना विचार करत नसे. ती उठली, बाबागाडीचा पुढचा दांडा धरला, एक हिसका दिला, आणि बाबागाडीबरोबर स्वतःही फलाटावर आली. त्या बाईनं "देव तुमचं भलं करो" म्हणायला तोंड उघडलं तोवर मागे घंटी वाजली. लवॉन वळली. दारं मिटली होती.

तिनं काचेवर थाप मारली. आत ड्वेन तोंड खिडकीकडे करून बसला होता. तिची रिकामी झालेली जागा एका बाईनं घेतली. गाडी हलली. लवॉन तिच्याबरोबर चार पावलं धावली, मग फलाटाचा कठडा आला आणि ती थांबली. गाडी नदीच्या पुलाकडे वळून दिसेनाशी झाली.

ड्वेनचा फोन तिच्या पर्समध्ये होता. त्याला फोनवरची अक्षरं वाचता येत नसत, म्हणून तो फोन बाळगतच नव्हता.

फलाटावर पट्ट्यापट्ट्यांचं जाकीट घातलेली स्टेशनची बाई होती, धिप्पाड, जांभळी नखं, चष्मा साखळीला लोंबणारा. तिच्या छातीवर डेनिटा असं नाव होतं. लवॉननं तिची बाही धरली आणि नुसतं रुळांकडे बोट दाखवत राहिली.

"आधी श्वास घ्या, बाई. पर्स मारली का कुणी?"

"गाडीत राहिला."

"कोण? पोरगं?"

"नवरा."

"नवरा होय!" डेनिटा हसली. "मग घाई कसली? माझा असा राहिला असता तर मी आधी एक आइस्क्रीम खाल्लं असतं. पुढच्या स्टेशनावर उतरतील, परत येतील. पुरुषमाणूस आहे, चिमुकलं नाही."

"त्याला दिसत नाही," लवॉन म्हणाली.

हे वाक्य तिनं आजवर कुणापुढे उच्चारलं नव्हतं. लेकीपुढे नाही, पाद्रीबाबांपुढे नाही, ड्वेनपुढे तर नाहीच. ते बाहेर पडलं आणि तिनं डेनिटाची बाही आणखी घट्ट धरली.

डेनिटाचं हसू मावळलं. "अजिबात?"

"कडेचं दिसतं. समोरचं नाही."

"काठी आहे का हातात? पांढरी?"

"नाही."

"फोन?"

लवॉननं पर्स उघडून दाखवली.

"आणि तुम्ही दोघं शिकागो बघायला निघालात," डेनिटा पुटपुटली, पण तोवर तिच्या हातातला वॉकी-टॉकी तोंडाशी गेला होता. कोणती गाडी, कितवा डबा, कपडे काय, सगळं तिनं भराभर विचारलं. डबा लवॉनला सांगता आला नाही. हिरवी टोपी, खाकी जाकीट, उंच माणूस. ड्वेन केटलर. हो, केटलर.

मग दोघी ऐकत उभ्या राहिल्या. पलीकडून खरखरत कळलं की गाडीत घोषणा झालीय: ड्वेन केटलर यांनी फुलर्टनला उतरून स्टेशनच्या माणसाला भेटावं. तिथला माणूस फलाटावर उभा आहे.

दरम्यान समोरच्या रुळावरून एक गाडी आली, गेली. कबुतरं उठली, पुन्हा बसली. लवॉनची नजर रुळांच्या कडेच्या पिवळ्या पाटीवर खिळली होती. त्या एका रुळात वीज असते, पाय लागला तर मरण, असं तिच्यावर चित्र काढून लिहिलेलं होतं.

वॉकी-टॉकी खरखरला. डेनिटानं ऐकलं, कपाळाला आठी घातली आणि तो सावकाश खाली केला.

"उतरले नाहीत."

"म्हणजे?"

"गाडी थांबली, पुन्हा नाव पुकारलं, माणसानं डब्याडब्यात डोकावून हाक मारली. कुणी उठलं नाही. बाई, खरं सांगा, तुमचा नवरा कुणाचं ऐकतो का?"

"तो लिलाव पुकारतो," लवॉन म्हणाली. "ऐकायची सवय नाही त्याला."

"किंवा मधेच आधी उतरले असतील. अहो, रडू नका, मी शक्यता सांगतेय. पुढची गाडी धरा. शेवटचं स्टेशन किंबॉल. तिथे गाडी रिकामीच करतात, कुणी लपून बसू शकत नाही. तिथल्या माणसाला मी सांगून ठेवते. तुम्ही मधे कुठे उतरू नका. काय सांगितलं?"

"मधे उतरायचं नाही."

"शाब्बास. आणि वेस्टर्नच्या पुढे गाडी पुलावरून खाली जमिनीवर येते, तेव्हा दचकू नका. तिकडे रूळ रस्त्याच्या पातळीलाच आहेत."

डेनिटानं हे धीर द्यायला सांगितलं होतं. लवॉनच्या डोळ्यांपुढे मात्र जमिनीवरचे रूळ आले, त्यांतला तो एक रूळ आला, आणि समोरचं न दिसणारा, कुणाला विचारायचं नाही असा पण केलेला माणूस आला.

ती पुढच्या गाडीत चढली आणि बसली नाही. दाराच्या काचेला कपाळ टेकून प्रत्येक फलाट डोळ्यांनी चाळत गेली. मर्चंडाइज मार्ट. शिकागो अव्हेन्यू. सेजविक. कॉलेजची पोरं, नर्सच्या कपड्यातल्या बाया, बाकावर झोपलेला एक म्हातारा, पण तो ड्वेन नव्हता. तिच्या मनात विचारांची नुसती ढकलाढकली चालली होती. फुलर्टनला तो का उठला नाही? झोपला? छे, तो बसमध्येसुद्धा झोपत नाही. चक्कर आली? तसं असतं तर लोकांनी सांगितलं असतं. म्हणजे तो त्या गाडीत नव्हताच. म्हणजे ती सोडून गेली हे कळताच तो पुढच्या स्टेशनावर उतरला, तावातावानं, आणि फलाटाच्या कडेला...

बेलमाँटला गाडी थांबली आणि तिला टोपी दिसली. हिरवी. खाकी जाकीट. तो माणूस पाठमोरा, अगदी कडेशी उभा होता.

"ड्वेन!" लवॉन ओरडली. आयुष्यात ती कधी एवढ्यानं ओरडली नव्हती. तिनं दारातून उडी टाकली, धावत जाऊन त्याचं जाकीट मुठीत धरलं आणि मागे खेचलं.

माणूस वळला. पंचविशीतला पोरगा होता, कानात गाणी. "ओ मावशी! काय चाललंय?"

"चुकलं... माफ कर, बाळा."

"ठीक आहे हो. तुम्ही ठीक आहात ना?"

पाठीमागे घंटी वाजली. तिची गाडीही गेली.

पुढची गाडी येईपर्यंत लवॉन फलाटाच्या मधोमध खांबाला धरून उभी राहिली. त्या पोरानं तिला पाण्याची बाटली देऊ केली, तिनं मान हलवली. तिला स्वतःचाच संताप आला होता. बाबागाडी अडकली तर अडकू द्यायची होती, उपकार करायची एवढी हौस कशाला? मग त्याहून खोल कुठेतरी दुसरा संताप उसळला. कॉफीचा पेला एकाच जागी ठेवला, जिन्यातला गालिचा काढून टाकला, पावाला लोणी लावून पुढ्यात दिलं. त्याला कळू न देता सगळं केलं, आणि एकदाही विचारलं नाही की बाबा रे, तुला नेमकं दिसतं किती. शहाणपण म्हणून केलं ते. आता त्याला किती दिसतं हे तिला ठाऊकच नव्हतं, आणि त्यामुळे भीती तरी किती बाळगायची हेही कळत नव्हतं.

गाडी आली. वेस्टर्ननंतर खरंच उतरती लागली. घरांची मागची अंगणं दिसू लागली, वाळत घातलेले कपडे, कुंपणं. आणि मग दोन स्टेशनांच्या मधे गाडी थांबली. पुढचा सिग्नल मिळेपर्यंत थांबतोय, असं चालकानं सांगितलं. डब्यातल्या लोकांनी मानही वर केली नाही, त्यांचं ते रोजचंच होतं. लवॉननं मात्र दाराचा दांडा इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली. पुढे रुळावर काय आहे? कशासाठी थांबवलीय? तिनं शेजारच्या माणसाला विचारलं, "पुढे काही झालंय का?"

"काही नाही हो. पुढची गाडी स्टेशनात आहे. नेहमीचंच."

तिला त्याचा विश्वास वाटला नाही. गाडी हलली तेव्हा ती पुटपुटत प्रार्थना करत होती, पण शब्द सगळे उलटेसुलटे येत होते.

किंबॉलला ती पहिली उतरली. फलाटाच्या टोकाला पट्ट्यापट्ट्यांचं जाकीट घातलेला स्टेशनचा माणूस होता, त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि विचारलंही नाही, नुसता अंगठा आत वळवला. आत भिंतीलगत एक बाक होतं. त्यावर दोन माणसं बसली होती. हिरवी टोपी घातलेला एक उंच म्हातारा, आणि त्याच्या शेजारी निळा कोट घातलेली बाई. क्षणभर लवॉनला वाटलं, आपण तिथे आधीच पोचलोय, आणि ही इथे उभी आहे ती दुसरीच कुणी.

ड्वेन गप्प बसला होता. हात मांडीवर, तोंड मिटलेलं. त्याला जागेपणी असं गप्प तिनं कधी पाहिलं नव्हतं, आणि सबंध दुपारची भीती पुन्हा एकदा तिच्या छातीत उठली.

"ड्वेन."

त्यानं मान आवाजाकडे फिरवली. चेहरा आधी सैल पडला, मग कडक झाला. "कुठे मेली होतीस तू?"

"मी? मी कुठे! तुझं नाव पुकारलं ना फुलर्टनला? का उतरला नाहीस?"

"का उतरू? सगळ्या डब्यादेखत? हरवलेलं वासरू आहे मी? ड्वेन केटलर, धन्याला येऊन भेटा!"

"मी मेले असते तिथे काळजीनं!"

"मला काय ठाऊक तू कुठायस! मी आपला बोलत बसलो..." तो थबकला. मानेपासून वर लाल होत गेला. "बोलत बसलो."

निळ्या कोटातली बाई उठली. बुटकी, गोल चेहऱ्याची, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या. लवॉनच्याच वयाची असेल, बोलण्याला स्पॅनिश वळण. तिचं नाव रोझाल्बा, तिथून दोन गल्ल्या सोडून राहायची आणि बाजार करून घरी निघाली होती.

"सेन्योरा, यांना ओरडू नका. चूक माझी आहे. इकडे या जरा."

तिनं लवॉनला पाच पावलं बाजूला नेलं आणि आवाज खाली आणला. "जागा दिसली, मी बसले. नदी ओलांडली तसे हे बोलायला लागले. माझ्याकडे न बघता, खिडकीकडे बघून. मला वाटलं फोनवर बोलतायत. मग नाव घेतलं, लवॉन म्हणाले. तेव्हा कळलं, यांना वाटतंय मी तुम्ही आहे."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगणार होते. देवाशपथ सांगणार होते. पण ते जे बोलत होते ना, ते मधे तोडता येण्यासारखं नव्हतं. माझा नवरा गेला तो न बोलता गेला, सेन्योरा. मी ऐकत राहिले. शेवटी माझा हात धरला, आणि माझ्या बोटात अंगठी नाही, ते त्यांना कळलं. बिचारे असे दचकले! तेवढ्यात ती घोषणा झाली. मी म्हटलं, उठा, तुम्हाला बोलावतायत. म्हणाले, गप्प बसा, लोक बघतायत. मग त्यांना इथे सोडून मी तरी घरी कशी जाणार?"

"काय म्हणाला तो?"

रोझाल्बानं पिशव्या सावरल्या. "ते मी नाही सांगणार. ते तुमचं होतं, चुकून माझ्याकडे आलं. त्यांच्याकडूनच घ्या." जाताना ती ड्वेनच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "सेन्योर, आता बायको नीट बघून घ्या हं," आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन जीभ चावली. ड्वेन मात्र हसला. त्या दुपारचं ते पहिलं हसू.

परतीच्या गाडीत दोघं शेजारी बसले. लवॉननं त्याच्या बाहीत हात अडकवला होता आणि ड्वेन तो काढत नव्हता, इतर वेळी लगेच झटकायचा. गाडी पुन्हा पुलावर चढली.

"त्या बाईला काय सांगितलंस?" लवॉननं विचारलं.

"काही नाही. इमारतींबद्दल."

"ड्वेन."

"अगं, सोड ना. एकदा बोललो ना मी? पुन्हा तेच पुकारत नाही मी. एकदा हातोडा पडला की पडला."

"माल चुकीच्या माणसाला गेला तर?"

ड्वेननं तोंड खिडकीकडे वळवलं. लवॉनला वाटलं, संपलं, आता हा बोलत नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं. एका परक्या बाईला, पिशव्यांतल्या कोथिंबिरीसकट, तिच्या नवऱ्याच्या मनातलं ठाऊक होतं आणि तिला नव्हतं.

"तुझं तोंड," ड्वेन म्हणाला. खिडकीकडे बघूनच. "नाताळपासून दिसत नाही मला. कोट दिसतो, केस दिसतात कडेनं. मधे नुसता करडा डाग. मी आवाजाकडे बघून बोलतो, आणि तू तर बाई बोलतच नाहीस. दिवस दिवस घरात मी तुला शोधत असतो. हे बोललो तिला."

लवॉन काही बोलली नाही. मग तिच्या ध्यानात आलं की आत्ताही ती गप्पच आहे, म्हणून घाईनं म्हणाली, "मी इथे आहे."

"आणि इमारत मला एकही दिसली नाही," तो म्हणाला. "काळोखी पडते, मग उजेड येतो, एवढंच. तुला हौस होती शहर बघायची, म्हणून आलो मी."

"मला?" लवॉनचा आवाज चढला. पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागे वळून पाहिलं. "मला हौस? मला हे शहर डोळ्यांपुढे नको होतं! त्या ट्रकांतून मी गाडी घातली ती तुझ्यासाठी. तुझे डोळे आहेत तोवर बघून घे म्हणून!"

"मग विचारायचं नाही का, आहेत की नाहीत?"

"तू सांगायचं नाही का?"

दोघं एकमेकांकडे तोंड करून बसले, दोघांनाही धाप लागलेली. मग ड्वेनच्या पोटातून एक गुरगुर आली, ती हसण्याची होती की हुंदक्याची हे लवॉनला शेवटपर्यंत नक्की सांगता आलं नाही. क्लार्क अँड लेकला डेनिटा फलाटावरच होती. तिनं दोघांना एकत्र पाहिलं आणि गाडीच्या दारातून ड्वेनला सुनावलं, "अहो लिलाववाले! पुढल्या वेळी नाव पुकारलं तर हात वर करायचा!"

"कोण ही?" ड्वेननं विचारलं.

"सांगते," लवॉन म्हणाली, आणि हॉटेलपर्यंत सांगत गेली.

दुसऱ्या दिवशी, सगळं शहर वरून दिसतं अशा एका उंच मनोऱ्यावर जायचं ठरलेलं होतं. ड्वेन म्हणाला, रद्द कर. लवॉन म्हणाली, नाही. वर काचेपाशी गेल्यावर त्यानं हात खिशात घातले. "हं. काय दिसतंय?"

"उंच आहे."

"ते लिफ्टमध्ये कानात दडे बसले तेव्हाच कळलं. खाली काय आहे?"

"घरं. रस्ते."

"लवॉन, असा माल दाखवलास तर एक गिऱ्हाईक उभं राहणार नाही."

तिला घाम फुटला. मोटारीतल्याहून जास्त. शब्द शोधायची तिला सवय नव्हती आणि शेजारी एक परदेशी कुटुंब उभं होतं, त्यांच्यादेखत तिला लाज वाटत होती. तरी तिनं काचेला नाक लावलं. "तळं आहे. आपल्या बाजूला चहाच्या रंगाचं, पुढे हिरवं, आणि पार टोकाला त्याची कड लागतच नाही. एका गच्चीवर कुणीतरी बाई कुंड्यांना पाणी घालतेय. नाही, थांब, बुवा आहे. लाल स्वेटर. कुत्रा आहे बरोबर, तो नळीला चावतोय."

"कसला कुत्रा?"

"एवढ्या वरून जात कशी दिसणार?"

"रंग तरी सांगशील की नाही?"

"पांढरा. मळका पांढरा."

ड्वेन तिच्या तोंडाच्या दिशेनं मान कलती करून ऐकत होता. त्यानं आणखी विचारलं, तिनं आणखी सांगितलं, काही चुकीचंही सांगितलं, आणि दोनदा भांडणही झालं.

ड्वेनची नजर त्या हिवाळ्यात आणखी उतरली. पांढरी काठी शिकवायला सरकारी खात्यातली एक तरुण बाई घरी यायची. पहिल्या खेपेला त्यानं तिला दारातून परत पाठवलं, दुसऱ्या खेपेला आत घेतलं. लिलाव त्यानं पुन्हा केले नाहीत. त्याचं दुःख त्याला आहे, आणि काही सकाळी तो उठतच नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. मग लवॉन स्वयंपाकघरातून मोठ्यानं बोलायला लागते: खारीनं पक्ष्यांचे दाणे पळवले, शेजाऱ्यानं गाडी वाकडी लावली, दूध उतू चाललं होतं ते वाचलं. चर्चमधल्या बायका म्हणतात, म्हातारपणी लवॉनला तोंड फुटलंय, आता बंद होत नाही. कधी तिचं सांगणं संपत येतं तरी आतून हूं की चूं होत नाही. ती थांबते, कान देते, आणि पुन्हा सुरू करते.